जो स्ट्रमर : आपण कोणाच्या वतीने गातो?

प्रस्तावना

'द क्लॅश' या लंडनच्या बँडचं 'व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले' हे गाणं जून १९७८मध्ये आलं. ब्रिटनमध्ये पंक रॉकला तेव्हा दोन वर्षं होत आली होती आणि पंककडून काय अपेक्षा करायची हेही एव्हाना ठरून गेलं होतं : सुसाट वेग, कर्कश गिटार, दोन-अडीच मिनिटांत सगळा राग ओकून मोकळं होणं. हे गाणं चार मिनिटांचं होतं. लय जमैकाच्या रेगेची, संथ. आणि त्यातला राग जितका जगावर होता तितकाच गाणाऱ्यावरही होता.

गाण्यातला निवेदक गोरा तरुण आहे. पश्चिम लंडनमधल्या हॅमरस्मिथ पॅले या नृत्यगृहात रात्रभर चालणाऱ्या रेगेच्या कार्यक्रमाला तो जातो. जमैकाहून नामवंत गायक आलेले असतात. आज इथे बंडाची गाणी ऐकायला मिळणार, या आशेने तो गेलेला असतो. प्रत्यक्षात त्याला दिसते सराईत, झगमगीत करमणूक, आणि ती मनापासून लुटणारा कृष्णवर्णीय प्रेक्षक. बंडाची भूक त्या प्रेक्षकाला नव्हती, ती आपली होती, हे त्याच्या हळूहळू लक्षात येतं. तिथून गाणं वळतं ते स्वतःच्या गोटाकडे. दिव्याच्या झोतात जागा मिळावी म्हणून एकमेकांना ढकलणारे पंक बँड, बंडाची किंमत लावून पैसे मोजणारे गायक, आणि उद्या एखादा हुकूमशहा अवतरला तर त्यालाही मानाने गाडीत बसवणारा देश. शेवटी निवेदक स्वतःलाही सूट देत नाही.

हे शब्द लिहिणारा आणि गाणारा माणूस म्हणजे जो स्ट्रमर. क्लॅशचा ऱ्हिदम गिटारवादक, मुख्य गायक, आणि गिटारवादक मिक जोन्ससह त्या बँडचा प्रमुख गीतकार. त्याच्या कारकिर्दीवर लिहायचं ठरवलं तेव्हा मी सुरुवात याच गाण्यापासून केली, कारण त्याच्या सगळ्या कामाचं सूत्र इथे उघड्यावर आहे. पंकने प्रस्थापितांना प्रश्न विचारले, हे सर्वांनाच माहीत आहे. स्ट्रमरने त्या रांगेत स्वतःलाही उभं केलं. मी कोण, कुठून आलो, आणि ज्यांच्या वतीने गातो त्यांनी मला तसा अधिकार दिलाय का? हा प्रश्न त्याने जवळजवळ आयुष्यभर सोडला नाही, आणि ज्या दोन-तीन वर्षांत सोडला त्या वर्षांत त्याच्या हातून चांगलं गाणंही झालं नाही. पुढच्या पानांत मला मांडायचं आहे ते एवढंच.

हा प्रश्न त्याच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला होता. त्याचं खरं नाव जॉन ग्रॅहम मेलर. जन्म २१ ऑगस्ट १९५२चा, तुर्कस्तानातल्या अंकारा शहरातला. वडील रोनाल्ड मेलर ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात नोकरीला होते. त्यांचा स्वतःचा जन्म लखनौचा. आई अ‍ॅना स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली, पेशाने परिचारिका. वडिलांच्या बदल्यांबरोबर मुलाचं बालपण कैरो, मेक्सिको सिटी, बॉन असं फिरत राहिलं. नवव्या वर्षी त्याला थोरल्या भावाबरोबर इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या बोर्डिंग शाळेत ठेवलं गेलं आणि मग आईवडिलांची भेट सुट्टीपुरती उरली. हा भाऊ, डेव्हिड, अबोल आणि एकलकोंडा होत गेला, नॅशनल फ्रंट या वर्णद्वेष्ट्या पक्षाच्या विचारांकडे ओढला गेला, आणि १९७०मध्ये त्याने आत्महत्या केली. स्ट्रमर याविषयी फार कमी बोलला. पण पुढे ज्या पक्षाच्या विरोधात तो हजारोंच्या सभेत गायला, त्या पक्षाचं विष त्याने घरात, सख्ख्या भावात पाहिलं होतं. ती गाणी ऐकताना हे विसरता येत नाही.

म्हणजे पंकचा हा आवाज झोपडपट्टीतून किंवा कामगारवस्तीतून आलेला नव्हता. सरकारी नोकराचा मुलगा, खासगी शाळेत शिकलेला, कला महाविद्यालयात प्रवेश घेऊन शिक्षण अर्ध्यावर सोडलेला. १९७६-७७च्या पंक वर्तुळात ही पार्श्वभूमी अडचणीची होती. स्ट्रमरने ती बराच काळ दडवली, बोलण्याची ढब बदलली, नाव बदललं. वृत्तपत्रांनी ती उकरून काढली तेव्हा त्याच्यावर ढोंगीपणाचा आरोप झाला. त्या आरोपाची बाजू या पुस्तकात मी झाकलेली नाही. माझं म्हणणं असं की ही विसंगती नसती, तर 'हॅमरस्मिथ पॅले'सारखं गाणं लिहिलंच गेलं नसतं. आपण इथले नाही याची जाणीव असलेला माणूसच इतक्या बारकाईने ऐकतो.

ऐकण्याची ही सवय त्याला रस्त्यावर लागली. कला महाविद्यालय सुटल्यावर तो लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत व्हायोलिन वाजवणाऱ्या टायमन डॉगबरोबर फिरू लागला. काम काय, तर डॉग वाजवत असताना येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर टोपी धरायची आणि नाणी गोळा करायची. तिथे त्याने आधी युकुलेली हातात घेतलं, मग गिटार. विशी उलटायच्या सुमारास. या वयापर्यंत चांगले गिटारवादक पाच-सात वर्षांचा रियाज करून बसलेले असतात. १९७३मध्ये तो वेल्समधल्या न्यूपोर्टला गेला, तिथे कबरी खणण्याची नोकरी केली, एका हौशी बँडमध्ये गायला. परत लंडनला आल्यावर वॉल्टर्टन रोडवरच्या १०१ क्रमांकाच्या रिकाम्या, पाडायला काढलेल्या घरात ताबा मारून राहणाऱ्या मंडळींत सामील झाला. त्या घराच्या क्रमांकावरूनच 'द हंड्रेड अँड वनर्स' हा त्याचा पहिला नाव घेण्याजोगा बँड उभा राहिला. पबमध्ये जुनं रॉक अँड रोल वाजवायचं, मिळेल त्यात भागवायचं.

स्ट्रमर, म्हणजे तारांवर सरसकट हात फिरवणारा, हे नाव त्याने याच काळात घेतलं. तारा छेडत सुटे स्वर फुलवणं त्याला जमत नसे. वाजवायच्या तर सहाच्या सहा तारा एकदम, नाहीतर एकही नाही, असं तो स्वतःच सांगे. त्याच्या वादनाबद्दल इथे थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण 'पंकवाल्यांना वाजवता येत नव्हतं' हे वाक्य आपल्याकडेही बिनदिक्कत फेकलं जातं.

स्ट्रमर डावखुरा होता, पण गिटार उजव्या हाताच्या माणसासारखी धरायचा. परिणाम असा की ज्या हाताने नाजूक काम करायचं तो हात त्याचा दुय्यम होता. सुट्या तारांची कलाकुसर या हाताकडून होण्यासारखी नव्हती. मग मनगट आणि कोपर मिळून सगळा हातच तो तारांवर घालायचा, न थांबता, तासभर. मैफलीत तारांनी मनगट सोलवटून निघे म्हणून तो उजव्या हाताला चिकटपट्टीचे थर गुंडाळून मगच रंगमंचावर जायचा. गिटार एकच, १९६६च्या बनावटीची फेंडर टेलिकास्टर, १९७५मध्ये विकत घेतलेली. तिचा मूळचा रंग झाकून त्याने ती मोटारींच्या रंगाने काळी करून घेतली. वर्षानुवर्षांच्या घासण्याने तो काळा रंग टवके उडून गेला, खालचा करडा थर आणि लाकूड दिसू लागलं, आणि तीच गिटार त्याने अखेरपर्यंत वापरली. टेलिकास्टरचा आवाज पातळ, धारदार, थेट असतो. मिक जोन्स बहुधा लेस पॉल गिटार वाजवायचा. तिचा आवाज जाड, लांबणारा. दोघं एकत्र वाजवायला लागले की जोन्स चाल आणि रंग भरायचा, स्ट्रमर ठोका धरून ठेवायचा. भजनात टाळकऱ्याचं जे काम, ते स्ट्रमरच्या गिटारचं क्लॅशमध्ये होतं : त्याच्याकडे कोणी वेगळं लक्ष देत नाही, पण तो थांबला की अभंग खाली बसतो.

३ एप्रिल १९७६ रोजी लंडनच्या नॅशव्हिल रूम्समध्ये 'हंड्रेड अँड वनर्स'च्या आधी वाजवायला एक नवा बँड आला होता, सेक्स पिस्टल्स. लोकांना खूश करण्याची कसलीही धडपड नाही, आवडलं तर ऐका नाहीतर जा, असा त्यांचा पवित्रा पाहून स्ट्रमरला कळून चुकलं की आपण जे वाजवतोय त्याचे दिवस भरले. बर्नी ऱ्होड्स या व्यवस्थापकाने त्याला मिक जोन्स आणि बास गिटारवादक पॉल सिमनन यांच्याशी जोडून दिलं. ४ जुलै १९७६ रोजी शेफील्डमध्ये क्लॅशचा पहिला कार्यक्रम झाला, सेक्स पिस्टल्सच्या आधी. सहा महिन्यांत, जानेवारी १९७७मध्ये, सीबीएस या बलाढ्य कंपनीने त्यांना १ लाख पौंडांना करारबद्ध केलं. पंकचा मृत्यू याच दिवशी झाला, असं तेव्हाच्या काही कट्टर पंकवाल्यांनी म्हटलं. त्या करारातल्या अटी बँडला पुढे कशा जाचत राहिल्या याची हकिगत तिसऱ्या प्रकरणात आहे.

तो काळही ध्यानात घ्यायला हवा. १९७६च्या ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला होता आणि सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले होते. ऑगस्टमध्ये नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये पोलीस आणि कॅरिबियन तरुण यांची धुमश्चक्री झाली. स्ट्रमर आणि सिमनन त्या गर्दीत होते. 'व्हाइट रायट' हे त्यांचं पहिलं सिंगल त्या दिवसातून आलं. गोऱ्या तरुणांनीही अन्यायाविरुद्ध असंच उठावं, असा त्याचा मतलब. पण घोषणेसारखं गाणं ज्याला जसं हवं तसं वाचता येतं, आणि वर्णद्वेष्ट्यांनीही ते आपलं मानण्याचा धोका होता. आपल्या शब्दांची जबाबदारी घ्यावी लागते हा धडा स्ट्रमरला तिथे मिळाला. वर्षभरातच त्याने 'हॅमरस्मिथ पॅले' लिहिलं. ते एका अर्थी 'व्हाइट रायट'ला त्याने स्वतःच दिलेलं उत्तर आहे.

एप्रिल १९७७च्या पहिल्या अल्बममध्ये ज्युनियर मर्व्हिनच्या 'पोलीस अँड थीव्ह्ज' या रेगे गाण्याचं क्लॅशने केलेलं रूप आहे. गोऱ्या पंक बँडने रेगेला हात लावणं म्हणजे चोरी की दाद, हा वाद तेव्हाच सुरू झाला. गाण्याची बांधणी ऐकली तर उत्तर मिळतं. एक गिटार ठोक्यावर वाजते, दुसरी दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. म्हणजे रेगेची नक्कल टाळून पंकच्या ठोक्याला रेगेचा श्वास दिलेला आहे. मूळ गाण्याचा निर्माता ली 'स्क्रॅच' पेरी याने पुढे क्लॅशचं 'कम्प्लीट कंट्रोल' स्वतः ध्वनिमुद्रित केलं. 'कम्प्लीट कंट्रोल'चा विषय काय, तर कंपनीने बँडला न विचारता त्यांचंच एक गाणं सिंगल म्हणून कसं बाजारात आणलं! कंपनीच्या पैशाने कंपनीविरुद्ध गाणं. हे धाडस त्यांनी केलं.

३० एप्रिल १९७८ रोजी पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'चा मेळावा झाला. ट्राफल्गार चौकातून निघालेला मोर्चा तिथे पोहोचला आणि क्लॅश, स्टील पल्स, एक्स-रे स्पेक्स अशा बँडनी हजारोंपुढे वाजवलं. मराठी वाचकाला याच साखळीतली आणखी एक कडी जवळची वाटेल. एप्रिल १९७९मध्ये भारतीय, मुख्यतः पंजाबी, वस्तीच्या साउथॉलमध्ये नॅशनल फ्रंटच्या सभेला तिथल्या लोकांनी विरोध केला. पोलिसी कारवाईत ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला आणि शेकडो लोकांना अटक झाली. त्यांच्या खटल्यांच्या खर्चासाठी जुलैमध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात कार्यक्रम झाले, त्यांत क्लॅशही वाजवायला उभा राहिला. लखनौला जन्मलेल्या बापाचा मुलगा साउथॉलच्या पोरांसाठी गायला. त्याने या योगायोगाचा कधी गाजावाजा केला नाही. मी मात्र तो नोंदवून ठेवतो.

क्लॅशच्या शिखराचं नाव 'लंडन कॉलिंग'. १९७९च्या उन्हाळ्यात बँडकडे व्यवस्थापक नव्हता, डोक्यावर कर्ज होतं, आणि दोन अल्बम झाल्यावर नवं गाणं सुचत नव्हतं. पिम्लिको भागातल्या एका गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांनी मुक्काम ठोकला. रोज दुपारी समोरच्या मैदानावर फुटबॉल, मग तालीम. जॅझ, रॉकबिली, स्का, रेगे, जे जे आवडतं ते सगळं वाजवून पाहायचं. ड्रमर टॉपर हेडन यातलं काहीही वाजवू शकायचा, आणि मी तर म्हणेन, स्ट्रमरच्या लेखणीला मोकळं रान खऱ्या अर्थाने हेडनने दिलं.

शीर्षकगीत जवळून ऐकावं असं आहे. बीबीसीची परदेशांसाठीची रेडिओ-घोषणा, जी युद्धकाळात व्याप्त युरोपने कान देऊन ऐकली, तिचे शब्द स्ट्रमरने उचलले आणि त्यांत १९७९ची भीती भरली : मार्चमधला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीचा अपघात, थेम्स नदीच्या पुराची शक्यता, अन्नटंचाई, इंधनटंचाई. त्याची गिटार इथे चाल वाजवत नाही. ती कापल्यासारखे, तुटक ठोके देत राहते, लष्करी कवायतीसारखे, आणि त्याखालून सिमननची बास गिटार सरपटत वर येते. गाण्याच्या अखेरीस सगळी वाद्यं गळून पडतात आणि उरतात त्या मिक जोन्सच्या गिटारच्या टिपा, मोर्स कोडमध्ये मदतीची हाक देणाऱ्या. बीबीसीच्या घोषणेने सुरू झालेलं गाणं बुडत्या जहाजाच्या संदेशाने संपतं. पॉप गाण्यात इतकी नेटकी रचना फार थोड्यांना साधली.

१४ डिसेंबर १९७९ला आलेल्या या अल्बममध्ये दोन तबकड्या होत्या आणि किंमत एका तबकडीची. अमेरिकेत तो जानेवारी १९८०मध्ये निघाला, म्हणूनच 'रोलिंग स्टोन' मासिकाने तो पुढे ऐंशीच्या दशकातला सर्वश्रेष्ठ अल्बम ठरवला. मुखपृष्ठावरचं पेनी स्मिथचं छायाचित्र, न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये बास गिटार जमिनीवर आपटणारा सिमनन, साऱ्या जगाला ठाऊक आहे. किमतीचा मुद्दा मला त्याहून मोठा वाटतो. पुढच्याच वर्षी 'सँडिनिस्टा!' हा तीन तबकड्यांचा, ३६ गाण्यांचा अल्बम आला, तोही स्वस्तात; आणि त्यासाठी बँडने ब्रिटनमधल्या पहिल्या २ लाख प्रतींवरचं आपलं मानधन सोडलं. निकाराग्वात हुकूमशहा सोमोसाची राजवट उलथवणाऱ्या संघटनेचं नाव अल्बमला होतं. गाण्यांत क्रांतीची भाषा वापरणारे पुष्कळ असतात. आपल्या श्रोत्याच्या खिशात किती पैसे आहेत याचा विचार करून स्वतःच्या कमाईवर पाणी सोडणारे किती?

१९८१मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळच्या बाँड्स कसिनोत आठ कार्यक्रम ठरले होते. आयोजकांनी जागेपेक्षा जास्त तिकिटं विकल्याने अग्निशमन दलाने आक्षेप घेतला. तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला ऐकायला मिळावं म्हणून क्लॅशने १७ कार्यक्रम केले. तिथेच त्यांनी ग्रँडमास्टर फ्लॅश या हिप-हॉप कलाकाराला आपल्या आधी वाजवायला बोलावलं. गोऱ्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली तेव्हा बँडने प्रेक्षकांनाच सुनावलं. हिप-हॉप जेमतेम रांगत होतं तेव्हा ते ज्यांनी कान देऊन ऐकलं, त्यांत हा पंक बँड होता.

या ऐकण्याचं सर्वोत्तम फळ म्हणजे 'स्ट्रेट टू हेल'. १९८१चं वर्ष संपता संपता न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत ते मुद्रित झालं. ताल बोसा नोव्हाच्या वळणाचा. त्याला खालून घुमारा मिळावा म्हणून स्ट्रमरने टॉवेलात गुंडाळलेल्या लेमोनेडच्या बाटलीने बास ड्रमवर ठोके दिले. गाण्यात तीन ठिकाणं येतात : पोलादाचे कारखाने बंद पडलेलं इंग्लंड, जिथे बाहेरून आलेल्याला कोणी विचारत नाही, व्हिएतनाम, जिथे अमेरिकन सैनिकाचं मूल मागे टाकून दिलेलं आहे, आणि न्यूयॉर्कची अमली पदार्थांनी पोखरलेली वस्ती. नकोशा ठरलेल्या माणसांचं हे गाणं. स्ट्रमर ओरडत नाही, जवळजवळ पुटपुटतो. पंकपासून हे खूप दूर आलं असं काहींना वाटलं; मला ते पंकचं परिपक्व रूप वाटतं.

या गाण्याला मुंबईचा रस्ताही सापडला. श्रीलंकन तमिळ कुटुंबातल्या, लंडनमध्ये वाढलेल्या एम.आय.ए. या गायिकेने २००७च्या 'काला' अल्बममधलं 'पेपर प्लेन्स' याच गाण्याच्या सुरावटीवर उभं केलं, आणि २००८च्या 'स्लमडॉग मिलियनेअर'मध्ये, रेल्वेवर जगणाऱ्या दोन भावांच्या प्रसंगावर ते वाजलं. क्लॅशचं नावही न ऐकलेल्या असंख्य भारतीयांच्या कानांवरून स्ट्रमर आणि त्याच्या सोबत्यांची सुरावट अशी गेलेली आहे. निर्वासितांविषयीचं गाणं निर्वासितांच्या लेकीने उचललं आणि ते बेघर पोरांच्या प्रवासाला लागलं. गाणं योग्य हातांत पोहोचणं याहून वेगळं काय असतं?

यानंतरचा भाग क्लेशाचा आहे. 'कॉम्बॅट रॉक' (१९८२) हा क्लॅशचा सर्वांत खपलेला अल्बम ठरला आणि त्याच वर्षी हेरॉइनच्या व्यसनापायी टॉपर हेडनला बँडमधून काढण्यात आलं. 'रॉक द कॅस्बा' या त्यांच्या अमेरिकेतल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचं संगीत हेडनचं. ड्रम, पियानो आणि बास ही तिन्ही वाद्यं त्यात त्यानेच वाजवली होती. सप्टेंबर १९८३मध्ये मिक जोन्सलाही काढलं. ऱ्होड्सच्या सल्ल्याने 'अस्सल पंककडे परत' अशी घोषणा झाली, नवी पोरं घेतली, आणि १९८५मध्ये 'कट द क्रॅप' हा पोकळ अल्बम निघाला. स्वतःला प्रश्न विचारणाऱ्या माणसाने इथे प्रश्न बंद केले, पंकचा गणवेश चढवला, आणि संगीताने ताबडतोब त्याची साथ सोडली. सहकाऱ्यांना काढणं ही आपली घोडचूक होती हे स्ट्रमरने नंतर जाहीरपणे, कोणतीही सबब न सांगता, वारंवार कबूल केलं. जोन्सशी त्याची मैत्रीही पुन्हा जुळली.

पुढची दहा-बारा वर्षं तो भटकत राहिला. अ‍ॅलेक्स कॉक्सच्या 'वॉकर' चित्रपटाला त्याने दिलेलं लॅटिन अमेरिकी ढंगाचं संगीत आजही सुंदर वाटतं. जिम जार्मुशच्या 'मिस्ट्री ट्रेन'मध्ये अभिनय केला, १९९१मध्ये पोग्ज बँडबरोबर गायला. त्याच वर्षी आखाती युद्धात 'रॉक द कॅस्बा' अमेरिकी सैन्याच्या रेडिओवरून वाजलं आणि त्या गाण्याचं नाव एका बॉम्बवर लिहिलं गेलं. हे कळल्यावर स्ट्रमर रडला, असं त्याच्या निकटच्या माणसांनी सांगून ठेवलं आहे. हा तपशील मी भावनिक म्हणून देत नाही. आपल्या गाण्याचं पुढे काय होतं याचा भार वाहणारा गीतकार कसा असतो, ते त्यातून समजतं.

१९९९पासून 'मेस्कलेरोज' या नव्या बँडबरोबर तो परतला. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर तो जगभरातल्या संगीताचा कार्यक्रम सादर करत होता आणि ते सारं त्याच्या गाण्यांत झिरपत होतं. टायमन डॉग, ज्याच्यासाठी त्याने एकेकाळी टोपी फिरवली, तोच आता व्हायोलिन घेऊन त्याच्या बँडमध्ये होता. २००१च्या 'ग्लोबल अ गो-गो'मध्ये 'भिंडी भाजी' नावाचं गाणं आहे. न्यूझीलंडहून आलेला एक पाहुणा लंडनच्या रस्त्यावर उकडलेला मटार कुठे मिळेल असं विचारतो, आणि निवेदक त्याला त्या रस्त्यावर काय काय मिळतं याची यादी ऐकवत सुटतो, देशोदेशींचे पदार्थ, देशोदेशींचं संगीत. 'हॅमरस्मिथ पॅले'मधला अवघडलेला तरुण इथे पन्नाशीला टेकला आहे आणि त्याच मिश्र लंडनमध्ये आता घरच्यासारखा वावरतो आहे. तेवीस वर्षांच्या वाटचालीचं मोजमाप या दोन गाण्यांत आहे.

१५ नोव्हेंबर २००२ रोजी अ‍ॅक्टन टाउन हॉलमध्ये संपावर गेलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांसाठी त्याचा कार्यक्रम होता. श्रोत्यांतून मिक जोन्स उठला, रंगमंचावर चढला, आणि जवळजवळ वीस वर्षांनी दोघांनी एकत्र वाजवलं. पाच आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, सॉमरसेटमधल्या राहत्या घरी स्ट्रमर गेला. जन्मजात आणि कधीच निदान न झालेला हृदयदोष हे कारण. वय ५०. अर्धवट राहिलेला 'स्ट्रीटकोर' सोबत्यांनी पुरा करून २००३मध्ये काढला.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने आहे, पण प्रत्येक प्रकरण एका गाण्याभोवती बांधलं आहे. गाण्यातून माणसाकडे जायचं, माणसातून गाण्याकडे नाही, हा नियम मी पाळला. त्याच्या खासगी आयुष्यातलं जे गाण्यात उतरलं नाही, ते बाहेरच ठेवलं. वाचकाने प्रकरण वाचण्याआधी ते गाणं ऐकावं, शक्यतो दोनदा : एकदा फक्त आवाजाकडे लक्ष देऊन, दुसऱ्यांदा फक्त त्या डावखुऱ्या माणसाच्या उजव्या हाताकडे.

हे मराठीत का लिहावं, तर आज आपल्याकडे गावोगावची मुलं गिटार घेऊन स्वतःची गाणी लिहीत आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना एक शंका आतून पोखरते : हे दुःख माझं नाही, मग मी ते गावं का? आपल्या साहित्याने या प्रश्नावर पन्नास वर्षं कडाक्याचे वाद घातले आहेत, आणि ते घालायलाच हवे होते. स्ट्रमरची कारकीर्द त्या प्रश्नाचं सोपं उत्तर देत नाही, पण एक पद्धत दाखवते. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्यात जाऊन आधी ऐका. त्यांचा ताल उचललात तर त्यांचं नाव मोठ्याने घ्या आणि त्यांना व्यासपीठावर बोलवा. गाण्यात आरोपी असतील तर त्यांत स्वतःलाही धरा. चुकलात तर तसं म्हणा. आणि तिकीट इतकंच ठेवा की ज्याच्याविषयी गाणं आहे त्याला आत येता येईल. यातलं एकही काम करायला वेगवान बोटं लागत नाहीत, आणि हे सगळं करूनही गाणं फसू शकतं. स्ट्रमरची कित्येक फसली. जी उभी राहिली ती मात्र आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, त्याने कधी न पाहिलेल्या गावांत, त्याला ठाऊक नसलेल्या माणसांच्या उपयोगी पडत आहेत.